बुजविल्याचा दिनांक

नगरपालिकेच्या पगारपत्रकात बकाराम फुंडे याचा हुद्दा ‘रोड जमादार’ असा लिहिलेला असे. गावात त्या नावाने त्याला कोणीच ओळखत नव्हते. गोंदियाच्या बाजारात, राइस मिलांच्या आवारांत आणि रेल्वेच्या चाळींत तो ‘खड्डा-जमादार’ होता. हे नाव कोणी थट्टेने ठेवले असेल तर ती थट्टा लवकरच विरून गेली. सार्वजनिक रस्त्यावर कुदळ पडायची तर आधी त्याला कळवावे लागे आणि कुदळीने उघडलेली जमीन पुन्हा मिटली असे त्याने लिहिल्याशिवाय काम पुरे झाले असे कोणी मानत नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत या गावातले रस्ते जितके खणले गेले, तितके त्याआधी कधी गेले नसतील. विजेचे खांब आले, नळ आले, तारा आल्या. प्रत्येक सोयीला जमिनीत शिरावे लागत होते आणि जमीन तर सर्वांच्या वहिवाटीची होती. त्यासाठी काही नियम केलेले होते. लेखी परवानगीवाचून रस्ता खणू नये. एका वेळी निम्मा रस्ता बैलगाड्यांसाठी मोकळा ठेवावा. उघड्या खड्ड्याशी दिवसा माणूस असावा आणि अंधार पडताच लाल काचेचा कंदील लावावा. खड्डा भरताना माती सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकून, प्रत्येक थर ओला करून, धुमसाने ठोकावा. शेवटचा नियम असा की, खड्डा भरला गेल्याचे जमादाराने प्रत्यक्ष पाहावे आणि मगच रजिस्टरात दिनांक घालून सही करावी. नियम कोणत्याही गावाला शोभतील असेच होते. ते पाळून घेणारा माणूस मात्र या गावाला विशेष मिळाला होता.

बकाराम मुर्रीचा. गोंदियाच्या कडेला लागून असलेल्या या गावात त्याच्या घरच्या दोन बांध्या होत्या. धानाच्या शेताला या भागात बांधी म्हणतात, कारण तिचे सारे अस्तित्व तिच्या धुऱ्यावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर अवलंबून असते. धुरा फुटला की पाणी जाते आणि पाण्याबरोबर पीकही. बकारामने लहानपणापासून धुरे बांधले होते. खणलेली माती फुगते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. खड्डा बुजवून झाल्यावर काठावर मातीचा ढीग शिल्लक दिसला की तो मजुरांना विचारी, “ही माती कोनाच्या घरची हाये? खड्ड्यातली असती तं खड्ड्यात मावली असती.” मग भरलेला खड्डा पुन्हा उपसायला लावी. ठेकेदारांचे लोक त्याच्यावर चरफडत. पण पावसाळ्यात दुसऱ्या गावांच्या रस्त्यांवर जशा गाड्या चाकापर्यंत रुतत, तशा गोंदियात रुतत नसत आणि हे चरफडणाऱ्यांनाही ठाऊक होते.

तो १९४८ साली बेलदार म्हणून कामावर लागला आणि वर्षभरात जमादार झाला. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर टपोरे, सावकाश काढलेले. तेव्हाचे रजिस्टर हिंदीत होते आणि त्यातल्या शेवटच्या रकान्यावर ‘गड्ढा पाटने की तारीख’ असे छापलेले असे. त्यामुळे बुजवण्याला कामावरही ‘पाटणे’ हाच शब्द रुळला. हिंदी बोलणारा मुकादम असो की झाडीपट्टीतला मराठी मजूर, बकाराम सर्वांना एकच विचारी, “पाटला का?” उत्तर आले की सायकलवरून उतरे, चपला काढून भरलेल्या जागेवर अनवाणी उभा राही, टाच दाबून पाही आणि मग लिही. नऊ वर्षांत त्याच्या लिहिण्यात चूक सापडली नव्हती. या गोष्टीचा पुढे जो परिणाम झाला, तो तिच्या उलटा झाला असे म्हणावे लागते. त्याच्या अक्षरावरचा विश्वास इतका पक्का झाला होता की ते अक्षर खोटे असू शकते, ही शंकाच कोणाच्या मनात उरली नव्हती.

१९५६ च्या नोव्हेंबरात भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. राज्य बदलले, हळूहळू कागद बदलले. पुढच्या वर्षी नवी रजिस्टरे मराठीत छापून आली. शेवटच्या रकान्यावर आता ‘खड्डा बुजविल्याचा दिनांक’ असे होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष पाहिले’ हे शब्द व सहीसाठी रेघ होती. बकारामला या रजिस्टराचा अभिमान वाटला. घरी बोलायचा शब्द आता सरकारी कागदावर आला होता. कोठीचा कारकून सेवकराम याला तो म्हणाला, “पाय, आता आपलीच बोली छापून आली.” सेवकराम थट्टेखोर होता. त्याने उत्तर दिले, “बोली आपली आली जमादार, पगार कोनाचा येते ते पाहू.”

तेव्हापासून बकाराम ‘पाटला का’ असे विचारीनासा झाला. तो ‘बुजवला का’ असे विचारू लागला.

१९५८ च्या जानेवारीत रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत नळाची लाइन टाकणे चालू होते. काम ठेकेदाराचे होते. त्याचा मुकादम छोटेलाल हा डोंगरगढकडचा. छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारा, बारीक अंगाचा, कामाला चोख. नळाचे दोन तुकडे शिसे ओतून जोडायचे, तर जोडाच्या जागी माणसाला उतरून बसता येईल एवढा खड्डा लागतो. तसे छातीइतके खोल दोन खड्डे फाटकापासून काही अंतरावर एका गल्लीच्या तोंडाशी होते. दोन खड्ड्यांसाठी दोन कंदील होते. कंदील नगरपालिकेच्या कोठीतले. रोज सकाळी ते विझवून कोठीत जमा व्हायचे, तिथे काचा पुसून तेल भरले जायचे आणि संध्याकाळी रजिस्टर पाहून ज्या खड्ड्यांची नोंद उघडी असेल त्यांच्यासाठी पुन्हा दिले जायचे.

पुढे जो अपघात झाला, त्याच्या दोन दिवस आधी सकाळी आठच्या सुमाराला बकाराम तिथून गेला, तेव्हा दोन्ही कंदील उन्हात जळत होते. त्याने छोटेलालला चारचौघांत फटकारले.

“काहो मुकादम, सूर्याले दिसत नाही का, म्हनून कंदील दाखवून राह्यले?”

छोटेलाल ओशाळून म्हणाला, “भूल हो गई जमादारजी. कल से नहीं होगी.”

“तेल नगरपालिकेचं हाये. तुमच्या ससऱ्याचं नाही.”

मजूर हसले. छोटेलालही हसला, पण ते त्याने मनाला लावून घेतले. त्यानंतर दोन दिवस तो सूर्य उगवण्याआधी स्वतः जाऊन कंदील विझवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बकाराम त्याच खड्ड्यांकडे निघाला होता. जोड आदल्या दिवशी पुरा झाला होता आणि भराई त्या सकाळी व्हायची होती. फाटकाशी तो पोचला तेव्हा मालगाडीचे डबे इकडून तिकडे ढकलणे चालू होते आणि फाटक बंद होते. गोंदियाच्या जंक्शनवर हे नेहमीचेच. कधी पाव तास, कधी अर्धा तास. तो सायकल धरून उभा असतानाच बाजारातून एक जण धावत आला. विजेच्या खांबासाठी तिथे कोणीतरी परवानगीवाचून रस्ता खणायला घेतला आहे, असे त्याने सांगितले. बकारामच्या दृष्टीने याहून मोठा गुन्हा नव्हता. त्याला तत्काळ मागे फिरणे भाग होते. रुळांच्या पलीकडे, दोन डब्यांमधल्या फटीतून त्याला छोटेलाल दिसला. त्याने तोंडाशी हात धरून हाक दिली.

“मुकादम! दोनी बुजवले काऽऽ?”

डबे आदळत होते. पलीकडून उत्तर आले, “हाँ जमादारजी! दोनों बुझवा दिये!”

बकारामने हात वर केला, सायकल वळवली आणि तो बाजाराकडे गेला. तिथला वाद दुपारपर्यंत चालला. त्यानंतर कोठीत येऊन त्याने रजिस्टर उघडले, फाटकापलीकडच्या दोन्ही खड्ड्यांसमोर त्या दिवसाचा दिनांक टपोऱ्या अक्षरांत घातला आणि ‘प्रत्यक्ष पाहिले’ या शब्दांखाली सही केली. संध्याकाळी जाऊन पाहू, असे त्याच्या मनात होते; पण जाणे झाले नाही. नऊ वर्षांत पाहण्याआधी सही करण्याची ती पहिली वेळ होती.

खड्डे उघडेच होते. एका जोडातून पाणी झिरपत होते, म्हणून छोटेलालने भराई एक दिवस पुढे ढकलली होती. संध्याकाळी त्याचा राखणदार कवडू कंदील घ्यायला कोठीत गेला. सेवकरामने रजिस्टर पाहिले.

“तुमचे खड्डे बुजले. कंदील कायले पायजे?”

“बुजले नाही जी. उघडेच हायेत. मी तठूनच येऊन राह्यलो.”

“जमादारानं लिवलं हाये. हे पाय. जमादार खोटा का तू खोटा?”

कवडूला वाचता येत नव्हते. त्याने त्या पानाकडे पाहिले. मग मुकादमाला विचारून येतो म्हणून रिकाम्या हाताने परतला. पौषातला दिवस. सहा वाजायच्या आत अंधारून आले होते.

शामकला त्या वस्तीतली विडी वळणारी बाई. दिवसभर वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, दुसऱ्या दिवसाची तेंदूची पाने आणि तंबाखू टोपलीत घेऊन ती घरी येत होती. टोपली डोक्यावर असल्यामुळे पायाखालचे दिसत नव्हते. पण वाट रोजची होती आणि आठ दिवसांपासून गल्लीच्या तोंडाशी लाल कंदील दिसला की ती भिंतीच्या कडेने जात असे. त्या संध्याकाळी कंदील दिसला नाही. खड्डा बुजला असेल असे समजून ती सरळ चालत आली. पडताना तिने उजवा हात पुढे टेकला, तो खालच्या लोखंडी नळावर आदळला. मनगटाची हाडे मोडली. दवाखान्यात हात बांधला गेला. पण बोटे पूर्ववत मिटतील असे कोणी तिला सांगितले नाही. विडी वळणाऱ्या बाईचे सारे कसब उजव्या हाताच्या बोटांत असते. ती विधवा होती, घरात दोन मुली होत्या.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेबांनी चौकशी केली. प्रश्न एकच होता: उघड्या खड्ड्याला बुजलेला कोणी म्हटले? छोटेलाल हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत राहिला, “साहब, मैंने बत्ती की बात कही थी. गड्ढे की बात ही नहीं हुई.”

ओव्हरसियर म्हणाले, “भर सकाळी जमादार बत्तीचं कशाला विचारेल?”

आणि बकाराम सर्वांसमोर बोलला, “हा परदेसी खोटा बोलून राह्यला, साहेब. माह्या कानानं ऐकलो. दोनी बुजवले म्हने.”

तो खरे तेच सांगत होता. त्याच्या कानाने जे ऐकले, ते तसेच होते. त्याचा संतापही खरा होता, कारण त्याच्या नऊ वर्षांच्या रजिस्टरावर पहिला डाग या माणसाच्या खोटेपणामुळे पडला, अशी त्याची खात्री होती. हेच तो फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर, बाजारात, मुर्रीच्या पारावर बोलत राहिला. ठेकेदाराने छोटेलालला कामावरून बसवून ठेवले. अंतिम जबानी सेक्रेटरी साहेबांसमोर व्हायची होती. तिथे बकारामची सही झाली की छोटेलालची नोकरी जाणार आणि त्याच्यावर पोलिसांत हलगर्जीपणाचा गुन्हा लागणार, हे उघड होते.

जबानीच्या आदल्या दिवशी दुपारी बकाराम शामकलाच्या घरी गेला. त्याची बायको नंदाबाई हिने नव्या धानाचे पोहे बांधून दिले होते. शामकला ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला. थोरली मुलगी कुंता पाने कापत होती.

“पोहे आनले, बाई. नव्या धानाचे हायेत.”

शामकलाने पुडक्याकडे पाहिले. “कोनत्या हातानं खाऊ, जमादार?”

बकाराम पुडके ओसरीवर ठेवून खाली बसला. तिने मग विचारले, “त्या मुकादमाले कवा धरतेत?”

“उद्या माही जबानी हाये.”

“निजताना रोज शिव्या देतो मी त्याले. तेवढंच बरं वाटते.”

इतक्यात शेजारची सुंदरबाई आली. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर; बिलासपूरकडचे लोक. शामकलाचा हात मोडल्यापासून तिच्याकडचा स्वयंपाक हीच करून देत असे. भात शिजला होता. चुलीशी वाकून तिने आतून विचारले, “बहिनी, चूल्हा बुझा दूँ?”

चूल बुजवणार? बकारामच्या मनात क्षणभर चित्र उभे राहिले, की ही बाई आता चुलीच्या खळग्यात माती टाकून ती भरून काढणार. घरात कोणी गेले, किंवा घर सोडले, तर असे करीत असतील या लोकांत, असेही त्याला वाटून गेले. तो दचकून उठला आणि दाराकडे वळला.

“बुझा दे,” शामकला म्हणाली.

सुंदरबाईने निखाऱ्यांवर पाणी शिंपडले. चर्र असा आवाज झाला, धूर उठला.

बकाराम त्या धुराकडे पाहत राहिला. हिंदीत आग विझवण्याला ‘बुझाना’ म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. जन्मभर हा शब्द तो या गावात ऐकत आला होता. पण शब्द ठाऊक असणे आणि तो ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे चित्त खड्ड्यात असते त्याला तोच आवाज मातीचा ऐकू येतो. ज्याला दोन दिवसांपूर्वी कंदिलावरून बोलणी बसलेली असतात, त्याला तो ज्योतीचा ऐकू येतो. आणि दोघांमधून मालगाडी जात असेल, तर एका अक्षरातला फरक शिल्लकच राहत नाही. जुना ‘पाटला’ हा शब्द दोघांचाही होता. नव्या शब्दाने एकाच वेळी एकाला खड्डा दाखवला आणि दुसऱ्याला दिवा.

“काय झालं जमादार? काऊन उठले?” शामकलाने विचारले.

“काही नाही,” तो म्हणाला. त्याला तेव्हा सांगता आले नाही.

घरी जाऊन त्याने नंदाबाईला सारे सांगितले.  ती म्हणाली, “मंग मुकादम सुटला.”

“हो.”

“आन् तुमी?”

बकाराम म्हणाला, “माहं उद्या पाहू.” पण रजिस्टराच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत काय छापले आहे, ते तिला माहीत नव्हते. त्याला होते.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ओव्हरसियर, दाराशी छोटेलाल, कोपऱ्यात रजिस्टर घेऊन सेवकराम. जबानी आधीच लिहून तयार होती. सेक्रेटरींनी ती वाचून दाखवली आणि टाक पुढे केला.

“सही करा.”

“सही नाही करत, साहेब.”

“का? यात चुकीचं काय आहे?”

“चुकीचं एक अक्षर नाही. मी इचारलो तेच लिवलं हाये, त्यानं सांगतलं तेबी तेच लिवलं हाये. पन मी एक इचारलो आन् त्यानं दुसरं सांगतलं.”

“जमादार, कोडी घालू नका.”

बकारामने सांगितले. कंदिलावरून दिलेली बोलणी, फाटक, मालगाडी, आणि काल पाहिलेली चूल. त्याला नीट मांडता येत नव्हते; दोन्ही शब्द तो पुन्हा पुन्हा उच्चारत होता आणि त्याच्या तोंडून ते एकसारखेच निघत होते. सेवकराम हसला आणि मग आपण कुठे उभे आहोत हे आठवून गप्प झाला. दाराशी छोटेलालने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

सेक्रेटरींनी लिहून तयार असलेली जबानी बाजूला सारली. ते कठोर गृहस्थ नव्हते आणि बकारामची नऊ वर्षे त्यांना ठाऊक होती. त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव आला.

“म्हणजे हा शब्दाचा घोटाळा झाला. कोणीच खोटं बोललेलं नाही. ठीक आहे. तसंच लिहू, की भाषेच्या गैरसमजातून अपघात घडला, कोणाचा दोष दिसत नाही. मुकादम सुटेल, तुम्हीही सुटाल.”

त्यांनी दुसरा कागद ओढला. खोलीतल्या प्रत्येकाला ते पटले होते. बकारामने नुसते हो म्हणायचे होते.

तो म्हणाला, “साहेब, शब्दानं सही नाही केली.”

“म्हणजे?”

“शब्द चुकला तं चुकला. पन त्याखाली ‘प्रत्यक्ष पाहिले’ छापलं हाये. मी पाह्यलो नाही. फाटक बंद होतं म्हनून गेलो नाही, आन् पाह्यलो म्हनून लिवलो. शब्द बरोबर ऐकू आला असता तरी ते खोटंच होतं. हा परदेसी खोटा बोलते म्हनून मी नऊ दिवस गावभर सांगतलो. खोटं मी लिवलो.”

ओव्हरसियर हळूच म्हणाले, “जमादार, नोकरीचा विचार करा.”

“केलो, साहेब. राती तेच केलो.”

सेक्रेटरींनी टाक खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि बकाराम जे बोलला ते, त्याच्या बोलीत नाही पण त्याच्या अर्थाने, लिहून घेतले. त्याखाली बकारामने सही केली. ती सही रजिस्टरातल्या सह्यांसारखीच टपोरी आहे.

बाहेर व्हरांड्यात छोटेलाल त्याच्या वाटेत उभा होता. तो पाया पडेल असे सेवकरामला वाटले होते. छोटेलाल पडला नाही.

“नौ दिन आपने मुझे झूठा कहा, जमादारजी. पूरे बाज़ार में कहा.”

“हो. म्हनलो.”

“तो बाज़ार में भी बोलिए. साहब के कमरे में बोलने से मेरा क्या? वहाँ मेरा कौन बैठा है?”

बकाराम त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेला. टपरीवर सात-आठ माणसे होती. त्यांच्यापुढे उभे राहून त्याने मोठ्याने सांगितले, की मुकादम खरा होता आणि जमादार खोटा होता. ऐकणाऱ्यांपैकी एकाने विचारले, “आज का पेऊन आले जमादार?” कोणी हसले नाही. छोटेलालने दोन चहा सांगितले, एक स्वतः घेतला, दुसरा बकारामच्या हातात दिला. दोघेही उभ्यानेच प्यायले. मग छोटेलाल आपल्या वाटेने गेला.

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. मुकादम छोटेलाल याच्यावरील आरोप निराधार. जमादार बकाराम फुंडे याने प्रत्यक्ष न पाहता नोंद केल्याबद्दल त्याला जमादाराच्या जागेवरून काढून बेलदार म्हणून धुमस-टोळीत घेण्यात येत आहे. यापुढे तोंडी खबरेवरून नोंद करणाऱ्यास माफी नाही. आदेशात एकूण सहा कलमे होती. सेवकरामने ती त्याला वाचून दाखवली. थट्टा करण्याचे त्या दिवशी त्याला सुचले नाही.

ऐकून झाल्यावर बकारामने विचारले, “आन् बाईचं?”

“कोनत्या बाईचं?”

“शामकलाचं. हाताचं.”

सेवकरामने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. “तिचं यात कुठी येते, बकाराम? नियम खड्ड्याचे हायेत. पडनाऱ्याचे नाहीत.” त्याला जमादार न म्हणण्याचा तो पहिला दिवस होता.

नियमांचा अभ्यास करणाऱ्याला हे उत्तर अचूक वाटेल. त्या सर्व कलमांत रस्ता आहे, माती आहे, कंदील आहे, नोंद करणारा आहे. रस्त्यावरून जाणारे माणूस, ज्याच्यासाठी हे सारे मांडले, ते कुठेही कर्ता म्हणून येत नाही, कर्म म्हणूनही नाही. बकारामला व्याकरण ठाऊक नव्हते. पण कागद संपला आणि बाईचे नाव आले नाही, एवढे त्याला कळले.

बेलदारीच्या पहिल्या दिवशी काम सुटल्यावर, धुमसाने खांदे भरून आले असताना, तो शामकलाकडे गेला. हाताची पट्टी सुटली होती. बोटे अर्धी मिटत होती, अंगठा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. कुंता विड्या वळत होती आणि आई बसल्या जागेवरून तिला ओरडत होती, की धागा ढिला बसतो.

बकारामने उभ्यानेच सांगितले. मुकादमाचा दोष नव्हता. लिहिले आपण होते. न पाहता लिहिले होते. कंदील त्यामुळे नव्हता.

शामकला ऐकत राहिली. कुंताचा हात थांबला.

“म्हंजे इतके दिवस मी त्या परदेस्याले शिव्या घातल्या,” शामकला शेवटी म्हणाली, “त्या फुकट गेल्या.”

“हो.”

“त्याचे लेकरं धरून घातल्या. माय-बाप धरून.”

“त्या माह्या होत्या, बाई. मी घ्याले आलो.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आतापर्यंत ती त्याच्याशी ‘तुमी’ म्हणून बोलत आली होती. “तू जमादार होता म्हनून मी कंदिलावर इस्वास ठेवून चालत होती,” ती म्हणाली. “गावभर चालत होती. दुसऱ्या कोनाचा खड्डा असता तं पाय चाचपत आली असती.”

 बकाराम उभाच होता. चूल पेटलेली होती, तिच्यावर कोणी काही ठेवले नव्हते. शामकलाने चांगल्या हाताने पानांची टोपली आपल्याकडे ओढली आणि मान फिरवली.

“जाय आता. उद्या ये. आज मले शिव्या सुचून नाही राह्यल्या.”

बकाराम दुसऱ्या दिवशी गेला.